पान उलटून पाहणाऱ्यांसाठी : साध्या मोबाइलने जवळून फोटो कसे काढावेत

विदर्भातला कास्तकार वावरात शिरला की आधी पऱ्हाटीचं (कपाशीचं) पान उलटतो. मावा आहे का, तुडतुडे बसलेत का, पांढरी माशी उडते का, कुठे डोमकळी (बोंडअळीमुळे न उमललेली कळी) दिसते का, हे सगळं मिलिमीटरातलं बघणं आहे. सुपात तूर निवडताना घरातली बाई ज्या नजरेने खडा टिपते, ती नजरही तीच. म्हणून क्लोज-अप फोटोग्राफी शिकायला निघालेल्या गावाकडच्या माणसाजवळ अर्धं भांडवल आधीच असतं. उरलेलं अर्धं म्हणजे उजेड, अंतर आणि थोडं थांबणं. त्याचीच ही रीत.

यासाठी ताडोब्याला जायला नको आणि लाखाची लेन्सही नको. धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत, कोठ्यातली (गोठ्यातली) दावण, चुलीजवळची गोवरी एवढ्यावर वर्षभर पुरेल इतकं काम आहे.

फोनची मर्यादा आधी मोजा

पहिल्यांदा लेन्स पुसा. वावरात खिशातून निघालेल्या फोनवर घाम, तेल, धूळ यांचा थर असतो आणि त्यामुळे फोटो धुरकट येतो. फुंकर मारून धूळ उडवायची आणि मग धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने पुसायचं. धूळ तशीच घासली तर काचेवर ओरखडे पडतात.

मग अंतर मोजा. दाराच्या उजेडात पाटावर वर्तमानपत्र ठेवा, फोन वीतभर वर धरा आणि हळूहळू खाली आणा. एका जागी अक्षरं पुसट व्हायला लागतात. त्याच्या किंचित वरचं अंतर ही तुमच्या मुख्य कॅमेऱ्याची हद्द. बहुतेक फोनमध्ये ती ८ ते १५ सेंटिमीटरच्या आसपास निघते. बोटांनी लक्षात ठेवा : चार बोटं आडवी धरली की साधारण ७-८ सेंटिमीटर होतात. 'माझ्या फोनमध्ये जवळचं साफ येत नाही' म्हणणारे बहुतेक जण ही हद्द ओलांडून आत गेलेले असतात. थोडं मागे सरका, फोटो काढा, नंतर कापून घ्या.

आता 'मॅक्रो' नावाचं बटण. स्वस्त फोनच्या पाठीवरच्या तीन-चार गोलांपैकी एक बरेचदा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा असतो. माझ्या मते तो विसरून जावा. २ मेगापिक्सेल म्हणजे सुमारे १६०० बाय १२०० ठिपके. १२ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याने जरा दुरून काढलेला फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तरी ३ मेगापिक्सेल उरतात, वर रंग आणि बारकावा कितीतरी चांगला. महागड्या फोनांची गोष्ट वेगळी. त्यांचा वाइड कॅमेरा २-३ सेंटिमीटरवरूनही साफ फोटो देतो, पण इतक्या जवळ गेल्यावर फोनची सावलीच वस्तूवर पडते. असे फोन जवळ नेताच आपोआप एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातात आणि पडद्यावरचं दृश्य एकदम उडी मारतं. फोन बिघडलेला नसतो. बऱ्याच फोनमध्ये ही अदलाबदल सेटिंगमधून बंद करता येते.

आणखी जवळ जायचं असेल तर चिमट्याने बसणारं भिंग घ्या. त्यावर डायॉप्टरचा आकडा असेल तर हिशेब सोपा आहे : १०० ला त्या आकड्याने भागा, वस्तू किती सेंटिमीटरवर साफ दिसेल ते जवळपास कळतं. १० डायॉप्टरचं भिंग १० सेंटिमीटरवर, २० चं ५ सेंटिमीटरवर. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लेन्ससमोर चिकटपट्टीने बसवलं तरी चालतं. कडा पुसट येतील, मधला भाग वापरायचा. लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवून मॅक्रो करण्याची युक्ती सगळीकडे फिरत असते. फोन प्यारा असेल तर ती सोडून द्या.

उजेड कुठून येतो ते बघा

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. जवळच्या फोटोत पोत दिसतो तो सावलीमुळे, आणि सावली कशी पडणार हे उजेडाच्या दिशेवर ठरतं. फोनचा फ्लॅश समोरून मारा करतो, सगळ्या सावल्या पुसून टाकतो आणि वस्तू सपाट करतो. तो बंद ठेवा.

एक प्रयोग घरीच करा. थापताना जिच्यावर बोटं उमटलेली आहेत अशी वाळलेली गोवरी सकाळच्या उन्हात ओसरीवर ठेवा. पहिला फोटो सूर्य आपल्या पाठीशी ठेवून काढा. दुसरा सूर्य बाजूला ठेवून. तिसरा गोवरी उभी करून, सूर्य तिच्या मागे ठेवून. पहिल्यात तपकिरी गोळा दिसेल. दुसऱ्यात प्रत्येक बोटाचा खड्डा वेगळा होईल, थापणारीच्या हाताचं माप कळेल. तिसऱ्यात गोवरी काळी पडेल, पण कडेला बाहेर आलेल्या कुटाराच्या काड्या पेटल्यासारख्या चमकतील. तिन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की उजेडाचा निम्मा अभ्यास झाला.

यातून तीन ठोकताळे निघतात. खडबडीत वस्तूला उजेड बाजूने द्या : जात्याचे टाके, सणाचा कासरा, बंडीच्या चाकाचं लाकूड, बाभळीची साल, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा. पातळ वस्तूला उजेड मागून द्या : पळसाची पाकळी, पिंपळाचं पान, वाळलेली लाल मिरची, जिच्या आतलं बी मागच्या उजेडात मोजता येतं. चकाकणाऱ्या वस्तूला थेट ऊन नकोच. पितळी गुंड, काचेच्या बांगड्या, ढालकिड्याची पाठ यांना ढगाळ दिवस किंवा सावली मानवते, नाहीतर पांढरे डाग पडतात.

मागून येणाऱ्या उजेडासाठी संत्र्यासारखी वस्तू नाही. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याची काय कमी! एका फोडीवरचं पातळ आवरण हलक्या हाताने सोला, फोड दोन बोटांत धरून खिडकीसमोर न्या आणि तिच्या आरपार येणाऱ्या उजेडात फोटो काढा. रसाच्या लांबट पिशव्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. सालीचाही असाच फोटो घ्या, पण उजेड बाजूने. सालीवरचे खड्डे म्हणजे तेलाच्या ग्रंथी आहेत. साल दुमडली की त्यातूनच तो झोंबरा फवारा उडतो.

दुपारचं कडक ऊन टाळणं उत्तम. टाळता येत नसेल तर सूर्य आणि वस्तू यांच्यामध्ये धोतराचं पांढरं कापड किंवा बटर पेपर धरायला कुणाला तरी सांगा. कापड वस्तूच्या जितकं जवळ तितका उजेड मऊ. सावलीची बाजू फार काळी पडत असेल तर त्या बाजूने थर्मोकोलचा तुकडा किंवा चिवड्याच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू धरा. घरात काढताना दाराच्या उजेडासारखा उजेड नाही. मातीच्या घरात एकच दार उघडं असलं की उजेड एकाच बाजूने येतो, आणि पैसे देऊन स्टुडिओत जे करून घेतात ते फुकटात होतं. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली फोटोत काळे पट्टे येत असतील तर प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायची सोय) शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर त्या तालात बसलं की पट्टे जातात.

हात, वारा आणि फोकस

जवळून फोटो काढताना हात हलला तर तो हलणंही मोठं होऊन दिसतं. कोपरं फासळ्यांना टेकवा, गुडघ्यावर बसा, शक्य असेल तर फोन कशावर तरी टेकवा. जुन्या कापडाची पुरचुंडी करून तिच्यात वाळू किंवा तुरीचे दाणे भरा. फोन तिच्यात दाबून हवा तसा कलता ठेवता येतो. बटण बोटाने दाबताना फोन हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा किंवा तारेच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण वापरा.

वाऱ्याचं मात्र आपल्या हातात नाही. सकाळी सूर्य वर येईपर्यंत हवा बहुतेकदा स्थिर असते, म्हणून वावरातली कामं तेव्हाच उरका. तरीही देठ डोलत असेल तर एक तुऱ्हाटी (तुरीची वाळकी काडी) जमिनीत खोचा, तिला कपड्यांचा चिमटा बांधा आणि चिमट्यात देठ अलगद धरा. फूल तोडायचं नाही. प्रो मोडमध्ये शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवलं तर वाऱ्याची हलकी झुळूक थोपते. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, थोडा वाढवावा लागतो. दाणेदार फोटो चालेल, हललेला चालत नाही.

फोकसचा मुद्दा जरा गणिताचा आहे. वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटली तर त्याला १:१ म्हणतात. मोठ्या, ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्यात १:१ वर, एफ/८ ठेवून (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी बारीक करून) काढलेल्या फोटोत फक्त सुमारे १ मिलिमीटर जाडीचा थर साफ येतो. ज्वारीच्या एका दाण्याचाही काही भागच. फोनचा सेन्सर छोटा, त्यामुळे त्यात थोडी जास्त मोकळीक मिळते. तरीही सगळं साफ येणार नाही, म्हणून काय साफ यायला हवं ते आधी ठरवा.

किडा असेल तर डोळा. डोळा साफ असला की पाय, पंख, मिशा पुसट असल्या तरी खपून जातं. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू असेल तर फोन पंखाला समांतर धरा, म्हणजे अख्खा पंख त्या पातळ थरात मावेल. फूल असेल तर परागकोश.

हाताने करायचं असं : पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. आता पडद्याला हात न लावता आपणच केसभर पुढे-मागे व्हा आणि त्यादरम्यान एकामागून एक फोटो घ्या. दहा-पंधरातला एखादा नेमका लागतो. बाकीचे त्याच दिवशी पुसा, नाहीतर फोन भरतो आणि पुढच्या वेळी हात आखडतो.

पांढरा कापूस, लाल पळस

आपल्याकडची दोन प्रसिद्ध झाडं कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त फसवतात.

कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी धरतो आणि त्या हिशेबाने उजेड ठरवतो. फुटलेल्या बोंडाने अख्खी चौकट भरली की त्याला वाटतं उजेड जास्त आहे, तो कमी करतो आणि कापूस मळकट येतो. अशा वेळी फोकस लॉक केल्यावर शेजारी दिसणारी सूर्याची खूण थोडी वर सरकवा. उलट, काळ्या जमिनीसमोर छोटंसं बोंड असेल तर कॅमेरा मातीला उजळवायला जातो आणि कापसाचे धागे पांढऱ्या डागात विरघळतात. तेव्हा खूण खाली सरकवा. शंका असेल तेव्हा खालीच. काळपट फोटो नंतर उजळता येतो. जळालेल्या पांढऱ्यातून धागा परत आणता येत नाही. कापसाला बाजूचा किंवा मागचा उजेड द्या, थेट समोरचा कधीच नको.

पळसाचं दुखणं वेगळं आहे. गडद नारिंगी-लाल रंगात कॅमेऱ्याचा लाल भाग लवकर भरून जातो आणि पाकळीवरची मखमल जाऊन सपाट रंगाचा ठिपका उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस काढताना उजेड चांगलाच कमी करा आणि फोनचे 'व्हिविड'सारखे रंग बंद ठेवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या लाल मखमली मृगकिड्यालाही हेच लागू.

मागचं मोकळं करा

नवशिक्याच्या फोटोत विषय ठीक असतो, मागे मात्र खताची पिशवी, ठिबकची नळी आणि कुणाची तरी चप्पल असते. फोटो काढण्याआधी पडद्याचे चारही कोपरे बघा. अनेकदा वीतभर डावीकडे सरकलं की काम होतं. विषय आणि मागचा भाग यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकं मागचं पुसट. म्हणून वरून खाली काढण्यापेक्षा फुलाच्या उंचीला बसून आडवं काढा, म्हणजे मागे दूरचं शेत येईल.

काळी पार्श्वभूमी हवी असेल तर विषय उन्हात आणि मागे कोठ्याचा अंधार, अशी जागा शोधा. उजेड विषयापुरता ठेवला की मागचा अंधार काळा कुळकुळीत येतो. काळी छत्री मागे उघडून धरली तरी तेच.

घरातून सुरुवात

वावरात जाण्याआधी आठवडाभर घरातल्याच वस्तू काढा. त्या हलत नाहीत, उडत नाहीत, आणि त्यांच्यावर हात बसतो. बुरडाने विणलेल्या टोपलीत बांबूची पट्टी खाली-वर जाते ती जागा. खराट्याची टोकं. ओसरी सारवताना हाताने ओढलेले अर्धगोल. वाळत घातलेल्या कुरडईची गुंतवळ, तीही मागच्या उजेडात, कारण वाळलेली कुरडई अर्धपारदर्शक होते. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधलेली घुंगरं आणि शिंगांवरचा रंग. वर्धा-सेवाग्रामकडे घरात हातसुताची खादी असते. तिच्या विणीचा जवळून फोटो घेतला तर एक धागा जाड आणि शेजारचा बारीक दिसतो, गिरणीच्या कापडात असं दिसत नाही. भंडारा-गडचिरोलीकडे कोशाचं (रानरेशमाचं) काम चालतं तिथे एखादा टसरचा कोसा मिळाला तर त्याचा देठ बघा. ऐन-अर्जुनाच्या फांदीला तो याच देठाने लटकतो.

म्हाताऱ्या माणसांच्या हातांवरचं गोंदण हाही मोठा विषय आहे. विचारल्याशिवाय काढू नका. 'आजी, तुमच्या हातावरच्या गोंदणाचा फोटो काढू का?' म्हटलं की बहुतेक वेळा हात पुढे येतो आणि त्यासोबत ते कुठल्या बाजारात, किती पैशांत गोंदलं तेही. इथे मात्र बाजूचा कडक उजेड नको. सुरकुत्यांच्या सावल्यांत गोंदण हरवतं. दाराचा मऊ उजेड घ्या. काढलेला फोटो आजींना लगेच दाखवा.

वावरात, ऋतूप्रमाणे

मृग लागतं ७ जूनच्या सुमारास. पहिला दमदार पाऊस झाला की मृगकिडे थोडे दिवस वर दिसतात. तेव्हा पोटावर पालथं पडून त्यांच्या उंचीला यावं लागतं. धुऱ्यावरून जाणारा कुणीतरी थांबतोच : 'काय काढून राह्यला बे, मातीचा फोटो?' उत्तर देत बसू नका, फोनचा पडदा दाखवा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुम्हाला किडा दाखवायला बोलावतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटी फुलते. आपल्याकडच्या नेहमीच्या वाणांचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर-पांढरं असतं, पराग पडल्यावर गुलाबी होत जातं आणि मग गळतं. त्यामुळे एकाच झाडावर दोन-तीन वयांची फुलं सापडतात. एकच फूल सकाळी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोनातून काढा, जमिनीत खुंटी ठोकून जागा पक्की करा. मला एका सुंदर फुलाच्या फोटोपेक्षा अशी मालिका जास्त आवडते. तुरीचं पिवळं फूल पुढे येतं. त्याच्या पाकळीच्या पाठीवर तांबड्या रेषा असतात, त्या दाखवायच्या तर मागून काढा.

हिवाळा हा खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडे सूर्य साडेसहा ते सातच्या दरम्यान उगवतो. तुम्ही त्याआधी धुऱ्यावर असायला हवं. दवाच्या थेंबाचं एक गुपित असं, की तो स्वतःच भिंग असतो. थेंबाच्या मागे थोड्या अंतरावर करडईचं फूल येईल असा कोन शोधा. थेंबात ते फूल उलटं दिसतं. फोकस थेंबाच्या काठावर न ठेवता आतल्या चित्रावर ठेवा.

हरभऱ्यावरचे थेंब मात्र नुसतं दव समजू नका. हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर (शेंगेवर) बारीक केस असतात आणि त्यांच्या टोकांतून आंबट द्रव पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. रात्री पिकावर कापड टाकून सकाळी पिळून घेतात ती आंब हीच. सूर्य समोर ठेवून, घाट्याची कड उजेडात येईल असं काढलं तर प्रत्येक केसाच्या टोकावर एकेक मणी उभा दिसतो. यासाठी भिंग लागेलच. लेन्सला तो द्रव लागला तर लगेच पुसा.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. वेचणाऱ्या बायांच्या आधी पोचू नका. त्यांची ती कमाई आहे, फुलं तुडवली तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील. टोपलीत पडलेल्या मोहाचा फोटो जमिनीवरच्या मोहापेक्षा चांगला येतो. फुलं मांसल, आतून उजेड खेळतो, टोपलीची वीण मागे.

एप्रिल-मे भेगांचे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून ती अशी फाटते. सकाळी ८ च्या आत काढून घ्या. बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेले असतात, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. फोन तापला की कॅमेरा स्वतःच बंद पडतो. उन्हात ठेवू नका, आणि तापलेला फोन थंड करायला फ्रिजमध्ये तर मुळीच टाकू नका.

किडे : आधी थंडी, मग हळू पाय

किड्यांच्या अंगातली ऊब बाहेरच्या हवेवर चालते. थंड सकाळी चतुर, फुलपाखरं, नाकतोडे सुस्त असतात, अंगावर दव असतं आणि ते तुम्हाला जवळ येऊ देतात. ऊन चढलं की ही सवलत संपते. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, एकदम उठू-बसू नका, दुरूनच एक फोटो घेऊन ठेवा आणि मग पुढे सरका.

संत्र्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती लिंबूवर्गीय झाडांवरच्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून दोन फाट्यांचा नारिंगी-लाल अवयव काढून वास सोडते. फोटोसाठी तिला डिवचणारे लोक मला पटत नाहीत. किड्यांना फ्रिजमध्ये गारठवून किंवा डिंकाने चिकटवून काढलेले फोटोही पटत नाहीत, ते कितीही साफ असले तरी. बागायतदार ती अळी मारेल, ते त्याच्या पिकाचं गणित आहे. आपण फोटोसाठी छळू नये.

रोग-किडीचा फोटो

हे कौशल्य पैशाच्या कामाचंही आहे. कृषी विज्ञान केंद्राला, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाला फोटो पाठवायचा असेल तर एक फोटो पुरत नाही. पहिला अख्ख्या झाडाचा, दुसरा बिघडलेल्या फांदीचा किंवा पानाच्या दोन्ही बाजूंचा, तिसरा किड्याचा अगदी जवळून. तिसऱ्यात मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी शेजारी ठेवा, म्हणजे आकार कळेल. डोमकळीचा फोटो दोनदा घ्या : आधी पाकळ्या एकमेकींत अडकलेली बंद कळी, मग ती उघडून आतली गुलाबी बोंडअळी. रंग बदलणारं कुठलंही फिल्टर नको, कारण पान पिवळं आहे की तांबडं यावरच निदान अवलंबून असतं.

जीव सांभाळून

फवारलेल्या वावरात जाऊ नका. फोटो काढताना नाक पानापासून वीतभर असतं आणि कोपरं पानांना घासतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरण्यासारखं नाही. कधी आणि काय फवारलं ते वावराच्या मालकाला विचारा. त्याची परवानगीही त्यातच होते.

पालथं पडण्याआधी काठीने गवत चाळवा. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत आणि दोन्ही पाचोळ्यात ओळखू येत नाहीत. खाजकुहिलीच्या शेंगेवरची सोनेरी लव मागच्या उजेडात फार देखणी दिसते, पण फोटो वाऱ्याच्या वरच्या बाजूने आणि लांबून. केसाळ अळ्यांना हात नको. आग्यामोहोळाचा क्लोज-अप कुणीही काढू नये.

कॅमेरा असेल तर

घरात जुना कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची लेन्स पडून असेल तर मॅक्रो लेन्स घेण्याआधी एक्स्टेन्शन ट्यूब बघा. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात बसणारी ही पोकळ नळी. तिची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, तेवढी वाढ मिळते : ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटरची नळी लावली की १:१. यात उजेड बराच कमी होतो, १:१ ला दोन स्टॉप, म्हणजे चौथाईच उरतो, तेव्हा ट्रायपॉड लागेल. लेन्स उलटी लावायची रिंग त्याहून स्वस्त, पण धूळ आत जाते. आपल्या फुफाट्यात ती घरातच वापरलेली बरी.

काढून झाल्यावर

कापणं, उजेड थोडा कमी-जास्त करणं आणि सावल्या किंचित उघडणं, एवढंच पुरे. शार्पनेसची पट्टी शेवटपर्यंत ओढली की किड्याच्या अंगावर पांढऱ्या कडा उमटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबला जातो, म्हणून तज्ज्ञाला किंवा स्टुडिओला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणि छापा. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला सुमारे १२०० बाय १८०० ठिपके, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात. तुमचा कापलेला फोटोही त्यात बसतो. तालुक्याच्या स्टुडिओत मशीन रंग आपोआप 'सुधारतं'. तिथल्या भाऊला आधीच सांगा की रंग जसे आहेत तसेच ठेव. नाहीतर मळकट कापूस निळसर होऊन येतो आणि पळस गुलाबी.